पळा, पण दमाने!

दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गावच्या हायस्कूलच्या मैदानावर पहाटे जत्रा भरते. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले तिथे बारा महिने असतातच. त्यांच्या जोडीला नवे कोरे बूट, ट्रॅकपँट आणि कानटोपी घातलेली चाळिशी-पन्नाशीची मंडळी दिसू लागतात. त्यांत व्यापारी असतात, शिक्षक असतात, बँकेतले आणि पतसंस्थेतले साहेब असतात. पहिल्या दिवशी मैदानाला चार फेऱ्या, दुसऱ्या दिवशी सहा. तिसरा आठवडा उलटेपर्यंत मैदान पुन्हा भरतीच्या मुलांचे होते आणि ही मंडळी एकेक करून माझ्या दवाखान्यात येतात. कुणाची नडगी दुखत असते, कुणाला टाच टेकवत नाही, कुणाचा गुडघा सुजलेला असतो. "डॉक्टर, आपलं काही खरं नाही, पळणं आपल्याला मानवत नाही," हे वाक्य ठरलेले.

आज या वाक्याबद्दलच लिहायचे आहे. माझा अनुभव असा, की यांतील बहुतेकांना पळणे चांगले मानवते. मानवत नाही ती घाई. मी स्वतः बावन्नाव्या वर्षी पळायला लागलो, तेव्हा वजन ८४ किलो होते आणि दवाखान्याचा जिना चढताना धाप लागत होती. पहिले दोन महिने मैदानावर चालायला येणाऱ्या महिला मंडळाच्या भगिनी मला मागे टाकून पुढे जात. "डॉक्टर, बरं आहे ना?" असे काळजीने विचारतही. बरे होते, म्हणूनच तर इतका सावकाश पळत होतो!

पळण्याची ही हवा आपल्याकडे अलीकडची. मुंबईची मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली, साताऱ्याची डोंगरवाटेची अर्धमॅरेथॉन २०१२ मध्ये. यवतेश्वरचा घाट चढून-उतरून आलेल्या माणसांचे फोटो आता घरोघरी मोबाईलवर पोहोचतात आणि शेजारचा पळतो तर आपण का नाही, असे वाटू लागते. वाटण्यात गैर काहीच नाही. पण एकवीस किलोमीटरचा फोटो पाहून पहिल्याच आठवड्यात पाच किलोमीटर पळणे म्हणजे पहिलीत नाव घालून एकदम चौथीच्या परीक्षेला बसणे.

वास्तविक सामान्य माणसाचे पळणे जन्माला आले तेच मुळी सावकाश. त्याची हकीकत मोठी मजेची आहे. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाचे नामांकित प्रशिक्षक होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी सुवर्णपदके मिळवली. पुढे याच लिडियार्ड यांनी ऑकलंडमध्ये मध्यमवयीन, स्थूल आणि हृदयविकार होऊन गेलेल्या लोकांनाही पळायला लावले. अट एकच: पळता पळता शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेले. बॉवरमन तेव्हा एक्कावन्न वर्षांचे. दुसऱ्यांना पळायला शिकवण्यात त्यांची हयात चाललेली, पण स्वतः पळायचे सुटले होते. रविवारी सकाळी ते या मंडळींबरोबर टेकडीवर निघाले आणि थोड्याच वेळात मागे पडले. त्यांच्या सोबतीला मागे कोण थांबले, तर सत्तरी ओलांडलेले, हृदयविकार होऊन गेलेले एक गृहस्थ! ते गप्पा मारत पळत होते आणि बॉवरमन यांना उत्तर द्यायलाही श्वास पुरत नव्हता. परत गेल्यावर बॉवरमन यांनी एका हृदयरोगतज्ज्ञाला बरोबर घेऊन 'जॉगिंग' नावाचे पुस्तक लिहिले आणि अमेरिका पळू लागली. पुढे बूट बनवणाऱ्या नाइकी कंपनीचे ते सहसंस्थापक झाले, हे जाता जाता.

तर नवशिक्याने वेग कसा ठरवावा? घड्याळातले नाडीचे आकडे तूर्त बाजूला ठेवा. पळताना तेराचा पाढा मोठ्याने म्हणून पाहा. "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस" असे सलग म्हणता आले तर वेग योग्य. प्रत्येक ओळीला थांबून श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे, कमी करा. कमी करूनही जमेना तर चालू लागा. (तेराचा पाढाच येत नसेल तर दोनाचा म्हणा. आमच्या मैदानावर ही अडचण अनेकांना आली.) बी.पी.साठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल घेणाऱ्यांची नाडी औषधामुळे फारशी वाढत नाही. त्यांना घड्याळातला आकडा फसवतो, पाढा मात्र फसवत नाही.

मधेच चालणे म्हणजे हरणे, ही समजूत आधी काढून टाकली पाहिजे. १९९६ मध्ये जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणाने नवशिक्यांसाठी एक नऊ आठवड्यांचा क्रम बसवला. तो पुढे जगभर पसरला. त्यामागे त्याच्या पन्नाशीतल्या आईचा विचार होता. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालायचे, मग साठ सेकंद पळायचे, नव्वद सेकंद चालायचे आणि हे आलटून पालटून वीस मिनिटे करायचे. तेही आठवड्यातून तीनच दिवस, एक दिवसाआड. हळूहळू पळण्याचा वेळ वाढत जातो, चालण्याचा कमी होतो आणि नऊ आठवड्यांनी माणूस अर्धा तास न थांबता पळतो. क्रम उत्तम आहे, पण चाळिशीपुढच्या, वजन वाढलेल्या, वीस वर्षे खुर्चीत बसलेल्या माणसाला नऊ आठवडे मला कमी वाटतात. मी माझ्या पेशंटना प्रत्येक आठवडा दोनदा करायला सांगतो, म्हणजे साधारण साडेचार महिने. ज्यांना घड्याळ बघण्याचा कंटाळा, त्यांनी रस्त्यावरचे विजेचे खांब मोजावेत. एक खांब पळायचे, दोन खांब चालायचे. दोन-तीन आठवड्यांनी एकास एक. मग दोन पळायचे, एक चालायचे. महावितरणचा असाही उपयोग.

इतके सावकाश का, असे पुष्कळ जण विचारतात. "डॉक्टर, मला तर दम लागत नाही आता. मग वाढवायला काय हरकत आहे?" नेमके इथेच पाणी मुरते. व्यायाम सुरू केला की शरीरातील सर्व भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील पातळ द्रवाचे प्रमाण वाढते आणि हृदय एका ठोक्याला जास्त रक्त बाहेर टाकू लागते. महिना-दीड महिन्यात स्नायूंतील बारीक रक्तवाहिन्या वाढतात, प्राणवायू वापरण्याची शक्ती वाढते. म्हणजे दम लवकर तयार होतो. पण स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा मुळात कमी. त्यांना काही महिने लागतात. आणि हाडांची तर गंमतच आहे. हाड आपल्याला दगडासारखे वाटते, पण ते जिवंत असते. त्याच्यावर नवा भार पडू लागला की शरीर आधी तिथले जुने हाड थोडे थोडे खरवडून काढते आणि मग नवे, जास्त मजबूत भरते. घराचे जुने प्लास्टर काढल्याशिवाय नवे करता येत नाही तसे. मधल्या काळात, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून दोन-तीन महिन्यांपर्यंत, ते हाड काहीसे कच्चे असते. आणि नेमके त्याच सुमारास आपला दम सुधारलेला असतो, हुरूप आलेला असतो, बायको "बारीक झालात हो" म्हणालेली असते. माणूस अंतर दुप्पट करतो आणि नडगी धरून बसतो.

हिशेबच करायचा तर असा. एका किलोमीटरला सावकाश पळणाऱ्याची अकराशे-बाराशे पावले पडतात. प्रत्येक पावलाला पायावर वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो. पंच्याहत्तर किलोच्या माणसाच्या एका पायावर दर किलोमीटरला सहाशे वेळा दीडशे किलोंहून अधिक भार! निरोगी हाड तो आनंदाने सोसते, पण त्याला सवय होऊ द्यावी लागते. पायाच्या हाडाला अशी बारीक चीर पडण्याचे वर्णन प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरांनी १८५५ मध्येच केले आहे. एक्स-रे निघण्याच्या चाळीस वर्षे आधी! नवे शिपाई भरती झाले, लांब कवायत सुरू झाली की त्यांचे पाऊल सुजायचे. आमच्याकडे भरतीच्या मुलांत आजही तेच दिसते. सोळाशे मीटरसाठी दोन महिने उरले की ही मुले सकाळ-संध्याकाळ पळतात आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर लंगडत येतात.

म्हणून दुखण्याची जात ओळखायला शिकावे. मांड्या-पोटऱ्या दोन्हीकडे सारख्या ठणकतात, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना "आई गं" होते, हे साधे दुखणे. दोन-तीन दिवसांत जाते आणि त्याला गोळीही नको. नडगीच्या आतल्या कडेला लांबलचक पट्ट्यात दुखते आणि थोडे पळाल्यावर कमी होते, ही धोक्याची पहिली सूचना. आठ-दहा दिवस पळणे बंद, चालणे चालू. पण हाडावर एकाच जागी बोट ठेवता येईल असे दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, रात्री झोपेतही ठसठसत असेल, तर ती बारीक चीर असू शकते. अशा वेळी पळू नये आणि चोळूनही घेऊ नये. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ती पुष्कळदा दिसत नाही. तेव्हा "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून कुणी पुन्हा पळायला लागू नका. सकाळी उठल्यावर पहिली चार पावले टाच भयंकर दुखते आणि मग बरे वाटते, ते तळव्याच्या पट्ट्याचे दुखणे. त्याला पोटरीचा ताण काढण्याचे व्यायाम आणि चिकाटी लागते. आणि एक विनंती. दुखते म्हणून सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन पळायला जाऊ नका. दुखणे हा शरीराचा पहारेकरी आहे, त्याला झोपवून चोरी करू नये. शिवाय या गोळ्या मूत्रपिंडाला आणि जठराला त्रास देतात, तो वेगळाच.

आता त्याहून गंभीर भागाकडे येतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या मार्केट यार्डातले कांदा-बटाट्याचे एक अडते दवाखान्यात आले. वय अठ्ठेचाळीस, सुटलेले पोट, तंबाखूची सवय. पंधरा दिवसांपासून मैदानावर पळत होते. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दुसऱ्या फेरीला छातीत जळजळतं बघा. थांबलं की दोन मिनिटांत जातं. जरा चांगली ॲसिडिटीची गोळी द्या." मी विचारले, "शेठ, घरी बसल्यावर जळजळतं?" नाही. "मिसळ खाल्ल्यावर?" नाही. "यार्डात पोती बघत फिरताना?" तर म्हणाले, "चढावर सायकल ढकलताना एकदा झालं होतं." घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का, या प्रश्नावर ठामपणे नाही म्हणाले. बरोबर आलेल्या वहिनी हळूच बोलल्या, "यांचे थोरले भाऊ गॅसनं गेले. एकोणपन्नासाव्या वर्षी. रात्री छातीत गॅस धरला आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं."

वाचकहो, गॅसने माणूस असा जात नाही. आपल्या घराघरांत 'गॅसने गेलेले' काका, मामा, थोरले भाऊ आहेत. त्यांपैकी पुष्कळ जण हृदयविकाराने गेलेले असतात. घरातला इतिहास सांगताना हे 'गॅस' नीट आठवून सांगावेत. भारतीयांना हा विकार पाश्चात्त्यांच्या मानाने काही वर्षे आधीच गाठतो, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. त्यामुळे "अजून पन्नाशी कुठे आलीय" हे आपल्या बाबतीत समाधान नव्हे.

मी त्यांचा ई.सी.जी. काढला. तो अगदी स्वच्छ आला. शेठ खूश झाले आणि शर्टाची बटणे लावू लागले. त्यांना समजावावे लागले, की टेबलावर झोपवून काढलेला ई.सी.जी. म्हणजे स्टँडवर लावलेल्या मोटारसायकलचे इंजिन ऐकण्यासारखे आहे. दोघांना बसवून घाट चढताना ती काय आवाज करते ते त्यावरून कळत नाही. श्रम केल्यावर येणारी आणि थांबल्यावर जाणारी तक्रार, मग ती जळजळ असो, जडपणा असो, जबडा दुखणे असो की डाव्या हाताला मुंग्या असोत, हृदयाची मानूनच तपासावी लागते. ते नाराज झाले. "एवढ्यासाठी जिल्ह्याला जायचं?" असे म्हणाले. वहिनींनी मात्र त्याच दिवशी गाडी केली. हृदयरोगतज्ज्ञांनी तपासण्या केल्या, अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी मुख्य वाहिनी नव्वद टक्के बंद होती. दोन दिवसांत स्टेंट बसला. माझ्या मते त्या माणसाला पळण्याने वाचवले. पळाले नसते तर जळजळ झाली नसती, आणि पहिली सूचना कदाचित शेवटचीच ठरली असती. पण त्या जळजळीवर गोळी खाऊन ते पळत राहिले असते, तर मैदानावरच काय झाले असते ते सांगायला नको.

तसे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेतील जिम फिक्स हे लेखक पस्तिसाव्या वर्षी पळायला लागले. तोपर्यंत वजन शंभर किलोंच्या आसपास आणि रोज सिगारेटची दोन पाकिटे. दोन्ही सुटले. १९७७ मध्ये पळण्यावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. २० जुलै १९८४ रोजी व्हरमाँट राज्यात पळतानाच हृदयविकाराने ते गेले. वय बावन्न. त्यांचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. शवविच्छेदनात फिक्स यांच्या हृदयाच्या वाहिन्या मोठ्या प्रमाणात बंद झालेल्या आढळल्या. तेव्हा "बघा, पळून मेला" अशी टीका पुष्कळ झाली. मला ती पटत नाही. वडिलांपेक्षा ते नऊ वर्षे जास्त जगले, हेही खरेच. मात्र पळणारा माणूस आतून निरोगीच असतो असे नाही आणि पळण्याने आनुवंशिकता पुसली जात नाही, एवढे त्यातून घ्यावे.

तेव्हा कुणी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरुवात करू नये? ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, जे तंबाखू-सिगारेट घेतात किंवा नुकती सोडली आहे, ज्यांच्या घरात पुरुष पंचावन्नच्या आत किंवा स्त्री पासष्टच्या आत हृदयविकाराने आजारी पडली वा गेली आहे, ज्यांना कधी चक्कर येऊन शुद्ध हरपली आहे, आणि ज्यांना श्रमाने छातीत काहीही होते, अशांनी. बाकीच्यांनी बी.पी., शुगर, कोलेस्टेरॉल आणि हिमोग्लोबिन एकदा पाहून चालण्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. उगाच प्रत्येकाने महागड्या तपासण्यांची पॅकेजे करावीत, या मताचा मी नाही. पळताना छातीत जडपणा आला, तर थांबा आणि बसा. पाच-दहा मिनिटांत गेला नाही, किंवा सोबत घाम आणि मळमळ असेल, तर १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात येऊ नका. आणि तो थांबल्यावर गेला तरी त्याच दिवशी दाखवा.

मधुमेहाच्या रुग्णांसाठी थोडे वेगळे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर पळताना उतरू शकते, कधी तर त्याच रात्री झोपेत. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर हवीच, आणि डोस बदलायचा का, ते डॉक्टरांनाच विचारावे. रोज रात्री तळपाय उजेडात पाहावेत, कारण बधिर पायाला बुटाने पडलेला फोड कळत नाही. डोळ्यांच्या पडद्याला त्रास झालेला असेल तर नेत्रतज्ज्ञाच्या परवानगीशिवाय पळू नये.

भगिनींच्या दोन अडचणी मला मुद्दाम लिहायच्या आहेत, कारण त्या पुरुष डॉक्टरसमोर बोलल्या जात नाहीत. पहिली रक्तक्षयाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चार पावले पळाल्यावर दम लागतो तो 'सवय नाही म्हणून' असेलच असे नाही. हिमोग्लोबिन आठ असेल तर दम लागणारच. आधी ते भरून काढावे, मग बूट घ्यावेत. दुसरी अडचण म्हणजे बाळंतपणांनंतर पळताना, खोकताना, हसताना लघवीचे थेंब जाणे. ही फार सर्रास तक्रार आहे आणि तिला उपाय आहे. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात तेच स्नायू आवळून पाच-सहा सेकंद धरायचे, सोडायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. तीन महिने नेटाने केले तर बहुतेकींना फरक पडतो. एक शिक्षिका केवळ या संकोचापायी दोन वर्षे घराबाहेर व्यायाम करत नव्हत्या. आता त्या मैदानाला आठ फेऱ्या घालतात. आणि सुनेने सकाळी पळायला जायचे म्हणजे त्या वेळात चहा-डबा कुणीतरी दुसऱ्याने केला पाहिजे, हे घरच्यांनीही ध्यानात घ्यावे. हाही आरोग्याचाच प्रश्न आहे.

गुडघे झिजतील का, हा प्रश्न रोज येतो. २०१७ मध्ये एक लाखाहून अधिक लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कंबरेच्या सांध्याची व गुडघ्याची झीज हौसेने पळणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांत आढळली, न पळणाऱ्यांत १०.२ टक्के, आणि स्पर्धेसाठी पळणाऱ्यांत १३.३ टक्के. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते पळत नाहीत, हेही त्या आकड्यांत मिसळलेले असणार. तरी बेताने पळण्याने चांगला गुडघा झिजतो, ही भीती काढून टाकायला हरकत नाही. मात्र झिजलेला, वाकलेला, सुजणारा गुडघा घेऊन पळू नये. त्याला सायकल किंवा पोहणे बरे.

वजनाबाबत निराशा होण्याआधी सांगून ठेवतो. पंच्याहत्तर किलोचा माणूस तीन किलोमीटर पळाला तर सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. परतताना बसस्टँडवर खाल्लेला एक वडापाव तो सगळा हिशेब बरोबर करून टाकतो. काट्यावरचे वजन दोन महिने हलले नाही तरी पळणे सोडू नका. कंबर मोजा. पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत येण्याचा प्रयत्न करावा. अमेरिकेत पंचावन्न हजार लोकांवर पंधरा वर्षे केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पळणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू न पळणाऱ्यांच्या मानाने ४५ टक्क्यांनी कमी आढळले. रोज पाच-दहा मिनिटे, तेही सावकाश पळणाऱ्यांनाही लाभ दिसला. पळणारे लोक एरवीही तब्येतीला जपणारे असतात, म्हणून सगळे श्रेय पळण्याला देता येत नाही. पण थोडे पळणे फुकट जात नाही, एवढे खरे.

बुटांवर फार लिहीत नाही. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाऊल थोडे फुगलेले असते. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असे घ्या. कॅनव्हासचे पातळ बूट किंवा जुनी चप्पल नको. सर्वांत महाग बूट सर्वांत चांगले असतात असा पुरावा नाही. डांबरी रस्त्यापेक्षा मैदानाची सपाट माती बरी, पण पावसाळ्यात शेवाळलेल्या मैदानापेक्षा रस्ताच बरा. रस्त्यावर उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहने दिसतील असे पळावे. गळीत हंगामात अंधारात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालतात, अनेकांना मागे दिवा नसतो, म्हणून फिकट रंगाचे कपडे घालावेत. कानांत गाणी नकोत. कुत्रे अंगावर आले तर पळू नका, थांबा. पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. चावलेच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. थंडीत कचरा जाळलेल्या धुरातून पळण्यापेक्षा ऊन पडल्यावर निघालेले चांगले. उन्हाळ्यात मात्र सूर्योदयाच्या आतच परत या.

मध्ये खंड पडतोच. लग्नसराई येते, आजारपण येते. ताप असताना पळू नये. हे अगदी निक्षून सांगतो. "घाम काढला की ताप उतरतो" हा समज घातक आहे. काही विषाणूंचा हृदयाच्या स्नायूवर परिणाम होतो, आणि अशा वेळी श्रम जिवावर बेतू शकतात. साध्या सर्दीनंतर दोन-तीन दिवसांनी, पण डेंग्यूसारख्या तापानंतर अशक्तपणा पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे किमान तीन-चार आठवडे थांबावे. पंधरा दिवस खंड पडला असेल तर जिथे सोडले होते त्याच्या निम्म्यावर या. दोन महिने पडला असेल तर पुन्हा पहिल्या खांबापासून.

आमचे अडते शेठ हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीने सहा महिन्यांनी पुन्हा मैदानावर आले. तंबाखू सुटली आहे. सध्या ते दोन खांब पळतात, एक खांब चालतात, आणि पाढा म्हणतात तो एकोणतीसाचा. यार्डातला माणूस, त्याला तो सोपा जातो. त्यांचा धाकटा भाऊ चव्वेचाळीस वर्षांचा आहे, दिसायला अगदी ठणठणीत. त्याला तपासायला आणा म्हणून मी वर्षभर मागे लागलो होतो. गेल्या सोमवारी आला. बी.पी. १६० वर १००, कोलेस्टेरॉल वाढलेले. त्याला सध्या चालायला सांगितले आहे आणि औषध सुरू केले आहे. पळण्याचे दोन महिन्यांनी बघू.